शेजारच्या राज्यांतून जुनी मोटार आणतांना

आज मीं जो विषय घेतला आहे तो प्रथमदर्शनीं रुक्ष वाटण्याचा संभव आहे. जुनी मोटार विकत घेणें हा निव्वळ व्यवहार, आणि तिचीं कागदपत्रें म्हणजे त्या व्यवहारांतीलही अगदीं कोरडा भाग. परंतु ज्या जिल्ह्याची उत्तर सीमा सातपुड्याच्या रांगांत दुसऱ्या राज्याला भिडलेली आहे, त्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील माणसाला हा विषय कधींना कधीं गांठतोच. जळगांव जामोदचा किंवा मलकापूरचा एखादा गृहस्थ बऱ्हाणपुरास जातो. तेथें कोणाचा आप्त असतो, कोणाचा व्यापारांतील स्नेही असतो. त्याच्या दारांत उभी असलेली चार-सहा वर्षांची मोटार नजरेस भरते, किंमत पटते आणि सौदा ठरतो. गाडी त्याच दिवशीं घरीं येते. तिचे कागद मात्र पुष्कळ वेळां येतच नाहींत, आणि आले तर अर्धवट येतात. या अर्धवटपणापासून जीं दुःखें उत्पन्न होतात त्यांचा, आणि तीं कशीं टाळावींत याचा, आज आपण विचार करूं.

प्रथम, ही सीमा आपल्या वाट्याला कशी आली तें पाहण्यासारखें आहे. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत दिला, १९०२ च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे गेला, आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडण्यांत आला. त्या काळीं बऱ्हाणपूर हें मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यांत होतें. म्हणजे आपण आणि बऱ्हाणपूरकर एकाच सरकारच्या छत्राखालीं नांदत होतों. उलट देऊळगांव राजाहून जवळच असलेलें जालना हें मात्र निजामाच्या राज्यांत होतें. तेथें सरकार निराळें, नाणें निराळें आणि जकातही निराळी. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली. वऱ्हाड आणि मराठवाडा हे दोन्ही मुंबई राज्यांत आले, आणि बऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशांत गेलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें तेव्हां हीच रेषा कायम राहिली. अशा रीतीनें जो परका होता तो घरचा झाला आणि जो घरचा होता तो कागदोपत्रीं परका झाला. आज जालन्याची मोटार देऊळगांवांत आणावयाची तर राज्य बदलत नाहीं. बऱ्हाणपूरची मोटार जळगांव जामोदास आणावयाची तर बदलतें. लोकांच्या सोयरिकी आणि बाजारहाट या रेषेला जुमानीत नाहींत. मोटारीच्या नोंदवहीला मात्र ती जुमानावीच लागते.

येथें कोणी विचारील कीं, देश एक, मोटारींचा कायदाही एक, तर मग हा खटाटोप कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील १९८९ चे नियम हे साऱ्या भारतास लागू आहेत. परंतु मोटारींची नोंद ठेवणारीं कार्यालयें राज्यांचीं आहेत, आणि मोटारीवरील कर हा राज्यांच्या तिजोरींत जातो. मध्यप्रदेशाच्या पहिल्या मालकानें जो कर भरला तो भोपाळच्या तिजोरींत जमा झाला. गाडी फिरणार मात्र महाराष्ट्राच्या रस्त्यांवर. म्हणून एका वहींतून नांव कमी करून दुसऱ्या वहींत चढवावें लागतें, आणि करही येथें नव्यानें भरावा लागतो. यापलीकडे या कागदांत गूढ असें कांहीं नाहीं.

आपला वऱ्हाडी शेतकरी बैल घेतांना किती दक्ष असतो तें आपणांस ठाऊकच आहे. तो दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि रुमालाखालीं बोटें धरून किंमत ठरल्यावरही बाजाराची पावती घेतल्यावांचून दावें हातीं धरीत नाहीं. पावती नसेल तर वाटेंत कोणीही उठून ‘हा बैल माझा’ म्हणूं शकतो, हें त्याला पक्कें माहीत असतें. तोच मनुष्य बैलाच्या कितीतरी पट किंमतीची मोटार घेतांना ‘कागद मागाहून पाठवितों’ या शब्दावर विसंबतो, याचें नवल वाटतें. विश्वास पानिपतावर पडला असें आपल्याकडे म्हणतात तें उगीच नव्हे.

तेव्हां आतां एकेक कागद क्रमानें पाहूं.

पहिला कागद म्हणजे गाडीचें नोंदणी-प्रमाणपत्र, ज्याला आपण सर्वजण आर. सी. बुक म्हणतों, मग तें पुस्तक असो वा आतांचें कार्ड असो. त्यावरील मालकाचें नांव विकणाऱ्याचेंच आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. त्यांतील चॅसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशीं अक्षर-अक्षर जुळवून पाहावा. चॅसिसच्या क्रमांकावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली म्हणजे क्रमांकाचा छाप उठतो. हा छाप पुढें अर्जालाही लागतो. त्याच वेळीं नोंदणीची मुदत पाहावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते, आणि त्यापुढें गाडीची तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली म्हणून आनंद मानणाऱ्यानें पुढच्या वर्षींचा हा खर्च आजच हिशेबांत धरावा. ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या क्रमांकावरून बरीच माहिती घरबसल्या मिळते. ती कागदाशीं ताडून पाहण्यास पांच मिनिटेंही लागत नाहींत.

मूळ मालक मृत झालेला असेल तर विशेष सावध राहावें. वारसानें तीस दिवसांच्या आंत मृत्यूची वर्दी कार्यालयास देऊन, तीन महिन्यांत नमुना क्रमांक ३१ चा अर्ज करून, गाडी स्वतःच्या नांवावर करून घेणें कायद्यास अपेक्षित आहे. वारसाचें नांव लागल्याशिवाय त्याच्याकडून गाडी घेणें म्हणजे जो मालक नाहीं त्याच्याकडून माल घेण्यासारखें आहे.

दुसरा कागद कर्जाचा. हल्लीं पुष्कळशा मोटारी कर्जावर घेतलेल्या असतात, आणि सावकार बँकेचें वा पेढीचें नांव आर. सी. बुकांत नोंदलेलें असतें. कर्ज फिटलें असें तोंडानें सांगणें पुरेसें नाहीं. बँकेनें आणि मालकानें दोघांनीं सह्या केलेला नमुना क्रमांक ३५, आणि त्यासोबत बँकेचें ना-हरकत पत्र, हीं दोन्ही हातीं असावींत, आणि नोंदवहींतील बोजा प्रत्यक्ष उतरविला गेला आहे हेंही पाहावें. शेताच्या सातबाऱ्यावरील बोजा उतरल्याशिवाय आपण शेत घेत नाहीं. हाही तसाच प्रकार आहे.

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत अधिक वेळां राहून जाणारा. तो म्हणजे मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला. त्याकरितां नमुना क्रमांक २८ चा अर्ज असतो. गाडी बऱ्हाणपूरच्या नोंदवहींतील असेल तर तो अर्ज बऱ्हाणपूरलाच करावा लागतो. बऱ्हाणपूर जिल्हा २००३ सालीं निराळा झाला. त्यापूर्वींच्या गाड्या खंडव्याकडे नोंदलेल्या असत, हें जुन्या गाडीच्या बाबतींत ध्यानांत ठेवावें. हा दाखला देण्यापूर्वीं अधिकाऱ्यानें दोन गोष्टींची खात्री करून घ्यावयाची असते. गाडीसंबंधीं चोरीचा गुन्हा दाखल वा प्रलंबित नाहीं, असा पोलिसांचा लेखी अहवाल मिळाला पाहिजे. आणि सरकारचें कोणतेंही देणें, विशेषतः मोटारीवरील कर, थकलेलें नसावें. म्हणूनच मीं याला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हटलें. ज्या दोन गोष्टी घेणाऱ्याला स्वतः शोधून काढणें कठीण, त्या येथें सरकारच तपासून देतें.

या दाखल्याबाबत कायद्यांत एक तरतूद आहे, ती फारच थोड्यांना माहीत असते. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत अधिकाऱ्यानें होकार किंवा नकार कळविला पाहिजे, आणि नकार दिल्यास त्याचीं कारणें लेखी दिलीं पाहिजेत. तीस दिवसांत नकार कळविला नाहीं तर दाखला दिला असें कायदा मानतो. मात्र याचा लाभ घ्यावयाचा तर अर्ज केल्याची पोंच आपल्याजवळ हवी. पोंच न घेतां अर्ज देणें हें बियाणें न मोजतां पेरण्यासारखें आहे.

चौथी जोडी नमुना क्रमांक २९ आणि ३० यांची. विकणाऱ्यानें ‘मीं ही गाडी अमक्यास विकली’ अशी सूचना द्यावयाची ती नमुना २९ मध्यें, आणि मालकी बदलून मिळण्याचा अर्ज करावयाचा तो नमुना ३० मध्यें. यांच्या मुदती कायद्यानें ठरविलेल्या आहेत. राज्याबाहेर नोंदलेल्या गाडीच्या बाबतींत विकणाऱ्यानें विक्रीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आंत ना-हरकत दाखला, किंवा त्यासाठीं केलेल्या अर्जाची पोंच, पुढें पाठविली पाहिजे. घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत आपल्या राहत्या ठिकाणच्या परिवहन कार्यालयांत ही खरेदी कळविली पाहिजे. मुदत टळल्यास दंड आहे.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ‘परराज्यांतील गाडी बारा महिने तशीच चालवितां येते,’ असें पुष्कळ लोक सांगत असतात. बारा महिन्यांची तरतूद कायद्यांत आहे खरी. परंतु ती एका राज्यांत नोंदलेली गाडी मालक दुसऱ्या राज्यांत ठेवूं लागतो, तेव्हां नवा क्रमांक घेण्यासंबंधींची आहे. ज्यानें गाडी विकत घेतली त्याची मालकी नोंदविण्याची मुदत तीस दिवसांचीच. जळगांव जामोदच्या खरेदीदाराला खंडव्याहून बदलून आलेल्या नोकरदाराचा नियम लावून चालणार नाहीं.

पांचवी पायरी आपल्या जिल्ह्यांतील कार्यालयांत चढावयाची. येथें नमुना क्रमांक २७ चा अर्ज करून नवा क्रमांक मागावयाचा असतो. गाडी तपासणीसाठीं नेऊन दाखवावी लागते, आणि महाराष्ट्राचा मोटार वाहन कर भरावा लागतो. हा कर १९५८ च्या कायद्याखालीं आकारला जातो, आणि गाडी किती जुनी आहे यावर त्याचें प्रमाण अवलंबून असतें. मग जुन्या ‘एम. पी.’ च्या जागीं ‘एम. एच.’ हीं अक्षरें येतात, आणि बुलढाण्याच्या कार्यालयांत नोंद झाली तर त्यापुढें २८ हा आंकडा. नवा क्रमांक मिळाला कीं पाटीही नियमाप्रमाणें नवी बसवावी. सौदा करतांना पुष्कळ लोक हा कर विसरतात, आणि मग बऱ्हाणपूरची स्वस्त गाडी बुलढाण्यांत महाग होते. खरी किंमत म्हणजे विकणाऱ्याला दिलेले पैसे अधिक येथला कर, शुल्क, विमा आणि खेपा यांची बेरीज. ती बेरीज सौद्याआधीं करावी. जुन्या राज्यांत आगाऊ भरलेल्या कराचा कांहीं भाग तेथील नियमांप्रमाणें परत मिळूं शकत असेल, तर त्याचा अर्ज तेथेंच करावयाचा असतो.

सहावी गोष्ट विम्याची. गाडीची मालकी बदलली कीं चौदा दिवसांच्या आंत नव्या मालकानें विमा कंपनीकडे आपलें नांव लावण्याविषयीं अर्ज केला पाहिजे. गाडीमुळें दुसऱ्या कोणास इजा झाली तर त्यासंबंधींचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असें कायदा मानतो. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असा आपोआप जात नाहीं, असा अर्थ न्यायालयांनीं लावलेला आहे. म्हणजे नांव न बदलतां गाडी दरींत गेली तर आपल्या नुकसानीचा एक पैसाही मागतां येणार नाहीं, असा प्रसंग ओढवूं शकतो. जुन्या मालकानें अनेक वर्षें नुकसानभरपाई न मागितल्याबद्दल त्याला जी सूट मिळत होती, ती त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. तीही गाडीबरोबर येत नाहीं. याखेरीज धुराच्या तपासणीचें प्रमाणपत्र चालू असावें, आणि गाडीवर वाहतूक-नियमभंगाचे दंड थकले असतील तर ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावेत.

इतके कागद ऐकून एखादा श्रोता मनांत म्हणत असेल कीं, ‘इतकें कोण करतो? कोऱ्या नमुन्यावर विकणाऱ्याची सही घेऊन ठेवली म्हणजे झालें.’ श्रोतेहो, आजच्या भाषणांतील खरा मुद्दा हाच आहे. ही कोऱ्या सहीची चाल सर्वत्र रूढ झालेली आहे. मालक दलालाला गाडी देतो, नमुना २९ आणि ३० यांवर कोऱ्या सह्या करतो, पैसे घेतो आणि निश्चिंत होतो. दलाल ती दुसऱ्यास विकतो, दुसरा तिसऱ्यास. प्रत्येकजण त्याच कोऱ्या सह्या पुढें सरकवितो, कारण प्रत्येक वेळीं नांव बदलावयाचें तर खर्च आहे. गाडी चार दारें फिरते. नोंदवहींत मात्र पहिल्याचेंच नांव राहतें.

अशा गाडीखालीं एखादा पादचारी सांपडला तर भरपाई कोणीं द्यावी? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता, आणि फेब्रुवारी २०१८ मध्यें त्याचा निकाल झाला. त्या प्रकरणांत गाडी एकामागून एक अशी अनेकांस विकली गेली होती, आणि २००९ सालीं तिचा अपघात झाला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नांवें होती. न्यायालयानें ठरविलें कीं, नोंदवहींत ज्याचें नांव, तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. कारण असें दिलें कीं, ज्याच्यावर घाला पडला त्या कुटुंबानें नोंद न झालेल्या खरेदीदारांची सांखळी शोधीत फिरावें, अशी अपेक्षा करणें योग्य नव्हे.

या निकालाचा अर्थ नीट ध्यानीं घ्या. बऱ्हाणपूरच्या ज्या गृहस्थानें दोन वर्षांपूर्वीं गाडी विकली, जो आतां तिचा रंगही विसरला आहे, त्याच्या दारांत एके दिवशीं न्यायालयाची नोटीस येऊं शकते. आणि घेणाराही सुटत नाहीं. त्यानें पूर्ण किंमत मोजलेली असते, परंतु कायद्याच्या वहींत तो कोणीच नसतो. गाडी चोरीस गेली, जळाली, वा पोलिसांनीं अडकवून ठेवली, तर ती परत मागण्याचा त्याचा अधिकार एका कोऱ्या सहीवर लोंबकळत असतो. या दोघांहून तिसरा एक आहे, त्याचा तर या सौद्याशीं कांहींच संबंध नसतो. तो रस्त्याच्या कडेनें कापसाच्या वेंचणीहून घरीं परतणारा मजूर. त्याच्या मुलाबाळांना भरपाई वेळेवर मिळणें हें नोंदवहींतील नांव आणि विम्यावरील नांव खरें असण्यावर अवलंबून आहे. आपण कागद पुरा करतों तो स्वतःच्या सोयीसाठीं तर खराच, परंतु या अपरिचित माणसासाठींही करीत असतों.

हा दोष सरकारच्याही ध्यानांत आलेला आहे. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें नियमांत भर घालून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांस अधिकारपत्र घेण्याची व्यवस्था केली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलांत आली. अशा अधिकृत व्यापाऱ्यास गाडी सोपवून तशी रीतसर सूचना कार्यालयास दिली, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यांत असेपर्यंत मालकाची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर येते. तेव्हां दलालामार्फत गाडी घ्यावयाची वा विकावयाची असेल, तर ‘तुमचें अधिकारपत्र दाखवा’ असें विचारण्यास संकोच करूं नये.

आतां जातां जातां परदेशाविषयीं चार शब्द. शेजारच्या राज्यांतून गाडी आणतां येते, तर शेजारच्या देशांतून कां नाहीं, असें कित्येकांना वाटतें. तेथें नियम फारच कडक आहेत. परदेशांत वापरलेली मोटार उत्पादनापासून तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी, तिचें चाक उजव्या बाजूस असावें, ती निदान पुढील पांच वर्षें रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला असावा, आणि ती मुंबईच्या बंदरांतूनच यावी, अशा अटी आयात-धोरणांत आहेत. शिवाय आयात-कराचा बोजा इतका मोठा कीं सामान्य माणसानें तो विचार सोडून द्यावा. मग आडमार्ग शोधले जातात. २०२५ च्या सप्टेंबरांत केरळांत सीमाशुल्क खात्यानें ठिकठिकाणीं झडत्या घेऊन पुष्कळ गाड्या जप्त केल्या. भूतानमधून चोरट्या मार्गानें आणून बनावट कागदांच्या आधारें भारतांत त्यांची नोंदणी केली, असा खात्याचा आरोप होता. ज्यांच्या दारांतून अशा गाड्या जातात त्यांत शेवटचा खरेदीदार कित्येकदां अजाण असतो. पण गाडी जाते ती त्याचीच. परदेशी बनावटीची दुर्मिळ गाडी कोणी स्वस्तांत देऊं करील, तर ती देशांत आली तेव्हांचा सीमाशुल्क खात्याचा ‘बिल ऑफ एन्ट्री’ नांवाचा कागद प्रथम मागावा. तो नसेल तर तेथूनच मागें फिरावें.

शेवटीं सर्व थोडक्यांत सांगतों. किंमतीचा शेवटचा हप्ता ना-हरकत दाखला हातीं पडेपर्यंत राखून ठेवावा. प्रत्येक अर्जाची पोंच घ्यावी आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरीं ठेवावी. कोऱ्या नमुन्यावर स्वतः सही करूं नये आणि दुसऱ्याची घेऊंही नये. गाडी विकणाऱ्यानें, नांव बदललें कीं नाहीं याची खात्री महिन्या-दीड महिन्यानें स्वतः करून घ्यावी. तें काम घेणाऱ्याच्या भरंवशावर सोडूं नये. एवढें केलें म्हणजे बऱ्हाणपूरच्या रस्त्यानें आलेली मोटार खऱ्या अर्थानें आपल्या दारांत आली असें म्हणतां येईल.